पंगतीतला स्वतःचा डबा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षेपाने देत आहे.

"स. न. वि. वि. मी ४४ वर्षांचा असून शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत हिशेबाचे काम पाहतो. दोन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत माझे वजन ८४ किलो आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ निघाली. मधुमेहामुळे वडिलांचा पाय काढावा लागला होता, त्यामुळे मी हादरलो. दुसऱ्याच दिवसापासून रंकाळ्यावर चालायला आणि पुढे पळायला लागलो. आज वजन ६७ आणि साखर ५.५ आहे. उंची पाच फूट सात इंच. रोज दहा किलोमीटर पळतो, त्याला पासष्ट मिनिटे लागतात. आठवड्यातून चार संध्याकाळी जिमला जातो. घरी भाकरीसुद्धा काट्यावर तोलून घेतो. अजून ६२ किलोपर्यंत उतरायचे आहे. हे सारे चांगलेच झाले, परंतु आता घरात जेवणाविषयी माझ्याशी कोणी बोलत नाही. पत्नीला दोन स्वयंपाक करावे लागतात. गेल्या आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला शिवाजी पेठेत थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, गेलो तेव्हा उकडलेल्या चिकनचा डबा सोबत नेला आणि पंगतीत बसून तोच खाल्ला. आक्का काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने मला जेवायला बोलावलेले नाही. दिवाळीत एक दिवस मोकळेपणाने जेवलो, तर दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलोची वाढ दिसली, म्हणून दोन दिवस उपाशी राहून सोळा किलोमीटर पळालो. सध्या उजव्या नडगीत कळ येते, झोप पाच तासांची होते. मागच्या महिन्यात आठवीतल्या मुलीने आमटी वाढून घेताना 'यात किती कॅलरी?' असे विचारले आणि अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. मला पुन्हा ८४ किलोवर जायचे नाही. पण असे किती दिवस जगायचे, तेही कळत नाही. मार्ग सुचवावा."

सप्रेम नमस्कार.

पत्र हिशेबनीसाचे आहे हे पहिल्या ओळीतच कळले. वय, वजन, साखर, उंची, अंतर, तास असे सारे तुम्ही आकड्यांत मांडले आहे आणि त्यातला एकही आकडा वायफळ नाही. आकड्यात न मावलेली गोष्ट एकच, ती म्हणजे आक्का काही बोलल्या नाहीत. आणि माझा अंदाज असा, की नडगीच्या कळेपेक्षा त्या न बोलण्यानेच तुम्हाला हे पत्र लिहायला लावले. मी डॉक्टर नाही. तब्येतीविषयी पुढे जे लिहिले आहे ते सर्वमान्य आहे तेवढेच आहे, त्यापलीकडचे तुमच्या डॉक्टरांना विचारावे. घराविषयी मात्र मी माझ्या मताने लिहिणार आहे.

आधी जमेची बाजू पाहू. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाची पूर्वावस्था समजली जाते आणि ६.५ ला मधुमेह धरतात. तुम्ही ६.१ वरून ५.५ वर आलात. वडिलांचा पाय गेलेला ज्याने पाहिला, त्या मुलाने स्वतःसाठी आणि घरासाठी केलेली ही कमाई आहे. ती उधळा असे मी सांगणार नाही आणि दुसरे कोणी "खा रे, एवढ्याने काय होतंय" असे म्हणू लागले तर त्याचेही ऐकू नका. वर्षातून एकदा रक्त तपासत राहा, कारण घराण्यात मधुमेह आहे तो आहेच.

परंतु मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटल्यावरही दरमहा हप्ता भरत राहिलेला खातेदार तुमच्यासमोर आला, तर हिशेबनीस म्हणून तुम्ही त्याला काय सांगाल? उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा जो निर्देशांक आहे, तो तुमचा पूर्वी २९ होता आणि आज २३ ला जेमतेम ओलांडून आहे. आपल्याकडच्या लोकांसाठी जादा वजनाची रेघ २३ वर आणि स्थूलतेची २५ वर ओढलेली आहे, म्हणजे तुम्ही रेघेपाशी येऊन उभे आहात. ६२ किलो हा आकडा कोठून आला ते तुम्ही लिहिलेले नाही. डॉक्टरांनी सांगितलेला असता तर ते तुम्ही नक्की नोंदवले असते. माझ्या मते तो सोडून द्यावा आणि त्याऐवजी महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजावा. पुरुषांच्या बाबतीत तो ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. साखरेच्या दृष्टीने वजनापेक्षा ही टेप अधिक खरे बोलते.

आता दिवाळीतल्या त्या दीड किलोकडे वळते, कारण तुमच्या भीतीचे मूळ मला तेथे दिसते. एक किलो चरबी साठायची तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जादा पोटात जाव्या लागतात. दीड किलोला त्या साडेअकरा हजारांच्या घरात जातात. तुमच्या बांध्याच्या आणि एवढ्या हालचालीच्या माणसाला दिवसाला अडीच हजार लागतात असे धरले, तर त्या एका दिवसात तुम्ही साडेपाच दिवसांचे अन्न संपवले असले पाहिजे. तेवढे जेवून तुम्ही दुसऱ्या दिवशी काट्यावर उभेसुद्धा राहू शकला नसता. मग काटा खोटे बोलला का? नाही, त्याने वजन बरोबर दाखवले, पण ते चरबीचे नव्हते. पिठूळ आणि गोड पदार्थांतील साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि त्याचा एकेक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या आणि भाकरी तोलून खाणाऱ्या माणसाची ही कोठारे नेहमी अर्धी रिकामी असतात. एक दिवस पोटभर जेवताच ती भरतात आणि पाण्यासह भरतात. फराळातल्या मिठाने आणखी थोडे पाणी अडते आणि पचायचे राहिलेले अन्न आतड्यांत असते ते वेगळेच. नेहमीचे जेवण सुरू केले की दोन-चार दिवसांत हे वजन आपसूक उतरते. म्हणजे तुम्ही उपाशी राहून आणि सोळा किलोमीटर पळून जे घालवले, ते तसेही जाणारच होते. जमा चुकीच्या खात्यावर पडली एवढेच. मात्र त्या चुकीच्या नोंदीने तुम्हाला शिकवले, की एक मोकळे जेवण म्हणजे दोन दिवसांची शिक्षा.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की वजनाचा काटा पंधरा दिवसांतून एकदाच, एकाच वारी, सकाळी उठल्यावर पाहावा आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी तर मुळीच पाहू नये. भाकरी तोलण्याचा छोटा काटा माळ्यावर ठेवून द्यावा. दोन वर्षे तोलल्यावर आपल्याला किती भाकरी पुरते हे आता हातालाच कळत असणार.

दुसरी गोष्ट तुमच्याच धंद्याची आहे. तुम्ही रोजकीर्द पाहून घाबरता, ताळेबंद पाहतच नाही. दोन वेळची म्हटली तर वर्षाला ७३० जेवणे होतात. महिन्यातले दोन रविवार मटणाचे धरले तर ती २४ होतात. सणांची १५, लग्ने, यात्रा आणि गावाकडच्या म्हाया, म्हणजे गावजत्रेच्या पंगती, मिळून आणखी १५, आणि मित्रांबरोबरची मिसळ महिन्याला एक म्हणून १२. (मिसळ ही न्याहारी की जेवण यावर कोल्हापुरात एकमत व्हायचे नाही, मी ती जेवणात धरली.) एकूण ६६, म्हणजे शंभरातली नऊ. उरलेल्या ६६४ जेवणांवर तुमची साखर आणि कंबर ठरते. ही ६६४ जेवणे साधी, वेळेवर आणि भुकेपुरती असली, तर बाकीची ६६ तुमचे काही बिघडवू शकत नाहीत. आणि ती बेशिस्त असली, तर यात्रेच्या पंगतीत डबा उघडून काही साधत नाही. अर्थात या हिशेबात एक पळवाट आहे आणि कोल्हापूरकराला ती लगेच सापडते. येथे निमित्ताला तोटा नाही. भाच्याचा वाढदिवस, पेठेतल्या संघाचा विजय, पाहुणे आले, पाहुणे गेले. त्या ६६ च्या दीडशे झाल्या तर माझा हिशेब बाद. तेव्हा मोजायचेच असेल तर कॅलरी मोजण्याऐवजी ही मोकळी जेवणे मोजा. आठवड्याला सरासरी एक, फार तर दीड.

हे लिहिताना मला आमच्या गल्लीतले एक पैलवान आठवतात. मी शिवाजी पेठेत वाढले. आमच्या घराच्या भिंतीला लागूनच तालीम होती आणि पहाटे चारला जोर-बैठकांचा आवाज आमच्या माजघरात येत असे. शाहू महाराजांच्या आश्रयाने हे शहर कुस्तीचे झाले, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले आणि तेव्हापासून शरीर कमावणे आणि चवीने खाणे या येथे कधी एकमेकींच्या सवती नव्हत्या. बदामाची थंडाई, तूप, दूध आणि मटण हा पैलवानाचा खुराकच असे. परंतु त्या पैलवानांनी चाळिशीत लाल मातीतून पाय काढला आणि खुराक मात्र तसाच चालू ठेवला. पाच वर्षांत त्यांना जिना चढवेना. म्हणून "आपले जुने लोक सगळे खात होते" ही जी दवंडी अधूनमधून पिटली जाते, ती मला अर्धवट वाटते. ते लोक खात होते तेवढे राबतही होते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावण्यात मोठी मौज आहे हे मान्य, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, तेव्हा तुमच्या वाट्याचे दूध घरी आणून उकळून प्यावे हे बरे.

तालमीतली दुसरी एक गोष्ट तुमच्या अधिक कामाची आहे. पहाटेची मेहनत आणि लढती झाल्या, मालीश झाली, थंडाई झाली, की दुपारी सगळी तालीम झोपलेली असे. आम्ही पोरे अंगणात ओरडलो तर वस्ताद स्वतः बाहेर येऊन दटावत. विश्रांती हा त्यांच्या लेखी मेहनतीचाच हिस्सा होता, कारण स्नायू मेहनत करताना झिजतात आणि विसाव्यात भरून निघतात, हे त्यांना कोणत्याही यंत्राशिवाय ठाऊक होते. तुम्ही मात्र आठवड्याचे सातही दिवस पळता आणि पाच तास झोपता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला मध्यम श्रमाचा १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरकस श्रमाचा ७५ ते १५० मिनिटे व्यायाम पुरेसा होतो आणि त्याबरोबर दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असावा. तुमचे नुसते पळणेच आठवड्याला ४५५ मिनिटे भरते, म्हणजे वरच्या मर्यादेच्याही तिप्पट, आणि जिम त्याखेरीज. त्याहून अधिक केले की अपाय होतोच असे नव्हे; पुष्कळ लोक हौसेने याहून अधिक पळतात आणि आनंदात असतात. पण ते विश्रांतीचे दिवस ठेवतात, पोटभर जेवतात आणि त्यांची नडगी दुखत नाही.

त्या नडगीविषयी जरा स्पष्ट लिहिते. कळ नडगीभर पसरलेली असेल तर स्नायूंवर आणि हाडाच्या आवरणावर ताण पडल्याचा संभव असतो. परंतु बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी नेमके दुखत असेल, किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. कमी जेवून जास्त पळणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. तेव्हा हे सदर वाचून झाल्यावर पळणे थांबवा आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी परवानगी दिल्यावर आठवड्यातून तीन-चार दिवसच पळावे, जिमच्या चारपैकी दोन संध्याकाळी घरी द्याव्या आणि एक दिवस काहीही करू नये. तो दिवस रविवार असावा असे मला वाटते. रविवारी सकाळी रंकाळ्यावर जायचेच असेल तर पत्नीला बरोबर घेऊन, घड्याळ घरी ठेवून, संध्यामठापर्यंत बोलत चालत जावे. प्रौढ माणसाला सात तास झोप हवी आणि ती तोडून केलेला व्यायाम साखरेच्याही फायद्याचा नसतो, कारण अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि भूक वाढते.

आता तुमच्या घरच्या दोन स्वयंपाकांविषयी. पत्रात ते तुम्ही एका ओळीत उरकले आहे, पण मला ती ओळ सहज ओलांडता आली नाही. सकाळी मुलीचा डबा, तुमचा डबा, मग तुमचे वेगळे ओट्स आणि उकडलेले चिकन, संध्याकाळी पुन्हा तेच. दोन वर्षांत किती वेळा गॅससमोर जादा उभे राहावे लागले याचा हिशेब तुम्ही केलेला नाही. आणि हे वेगळे जेवण खरोखर हवे होते का? शाळूची भाकरी, तुरीची किंवा मुगाची आमटी, मेथीची नाही तर अंबाडीची भाजी, झुणका, कच्चा कांदा, ताक आणि चवीपुरता खर्डा, हे आपल्याकडचे रोजचे ताट साखर काबूत ठेवायला ओट्सपेक्षा कोठेही उणे नाही. त्यात वाढवायची ती डाळ, उसळ आणि अंडी, आणि हात आखडायचा तो तेलाच्या पळीवर. तुम्ही प्रोटीन पावडर घेत असाल असे गृहीत धरते, कारण जिमला जाणारे बहुतेक घेतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी असे पूरक पदार्थ टाळावेत असे म्हटले आहे. सामान्य प्रौढाला दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुम्हाला ५६ ग्रॅमच्या आसपास. नियमित व्यायाम करणाऱ्याला त्याहून बरीच अधिक लागतात हे खरे, पण दोन वाट्या दाट आमटी, एक वाटी उसळ, तीन अंडी, दोन पेले दूध आणि भाकऱ्या यांतून त्याचा मोठा भाग निघतो. हे सगळे घरातल्या बाकीच्यांनाही चालते. एकच स्वयंपाक, एकच ताट, फक्त तुमच्या ताटात भात कमी आणि आमटी जास्त.

मुलीविषयी मी इतक्या उशिरा लिहिते आहे, पण तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे. तिने कॅलरीचा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारला हे तुम्ही लिहिलेले नाही. खोडकरपणे विचारला असेल तर सोडून देता येईल, पण अर्धी भाकरी ताटात राहिली म्हणता तेव्हा मला तो थट्टेचा वाटत नाही. तेराव्या वर्षी मुलीची उंची, हाडे आणि रक्त एकाच वेळी वाढत असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरांपैकी ५९ मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. तुमची मुलगी त्या वयाकडे निघाली आहे आणि अशा वेळी तिने भाकरी सोडणे परवडणारे नाही. गेली दोन वर्षे तिने आपल्या वडिलांना पुस्तकावर वाकावे तसे ताटावर वाकून आकडे वाचताना पाहिले आहे. तिने त्यातून जे शिकायचे ते शिकले. "असे करू नको" असे सांगून ते पुसले जाणार नाही, कारण ती विचारील, "मग तुम्ही का करता?", आणि त्या प्रश्नाला तुमच्याकडे आज उत्तर नाही.

म्हणून तिच्याशी बसून खरे बोला. आजोबांचा पाय कशामुळे गेला, तुमच्या रक्तात काय निघाले, तुम्ही घाबरून काय केले आणि त्यात कोठे अतिरेक झाला, हे तिला कळण्याइतकी ती मोठी आहे. तुमचा आहार एका आजाराच्या भीतीने आखलेला होता आणि तिला तो आजार नाही, हे तुमच्या तोंडून तिने ऐकले पाहिजे. यापुढे तिच्यासमोर कोणाच्याही वजनाविषयी बोलू नये, तिच्या तर नाहीच, कौतुकानेसुद्धा नाही. ती पावले मोजणारे घड्याळ मागू लागली तर घाईने देऊ नये; रोज दहा हजार पावलांचा जो मंत्र झाला आहे, तो १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावलेमापकाच्या नावातून आलेला आहे, हे तिला सांगितले तर तिला गंमत वाटेल आणि तुम्हालाही थोडे हलके वाटेल. तिला खेळायला जाऊ द्या, मैदानावर दमू द्या, घरी येऊन दोन भाकऱ्या खाऊ द्या. पुढच्या दोन महिन्यांत ती जेवण चुकवू लागली, काहीतरी निमित्त काढून आपल्यासोबत जेवायचे टाळू लागली, वजन उतरू लागले किंवा पाळी सुरू होऊन मध्येच थांबली, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. आणि रात्रीचे जेवण रोज तिच्यासमोर बसून, तेच पदार्थ खाऊन, ताटाकडे न पाहता करा. बाकी सांगण्याने जे व्हायचे नाही, ते कदाचित याने होईल.

मी वर सांगितलेले सारे पटूनही हात काट्याकडे जात राहिला, मोकळे जेवल्यावर दुसऱ्या दिवशी उपाशी राहावेसेच वाटले, तर त्यात कमीपणा न मानता मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. वडिलांचे दुखणे तुम्ही जवळून पाहिले आहे; ती भीती दहा किलोमीटर पळून संपत नसेल, तर ती कोणाजवळ तरी बोलावी लागेल.

राहता राहिल्या आक्का. यात्रेच्या दिवशी पेठेतल्या घरी काय चालते ते तुम्हाला मी सांगायला नको, पण तुम्ही त्या दिवशी ते पाहिलेले दिसत नाही म्हणून सांगते. पंचगंगेचे नवे पाणी कलशांतून घेऊन पी ढबाक वाद्याच्या तालावर मिरवणूक टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्या, टेकडीकडे निघते, तेव्हा घरातली बाई चुलीपाशी असते. पहाटे मटण शिजत घातलेले असते. त्याच्या अळणी पाण्याचे दोन भाग होतात. एकात नारळाचे दूध, काजू आणि खसखस वाटून पांढरा रस्सा, दुसऱ्यात भाजलेला कांदा-खोबरे आणि कांदा-लसूण चटणी घालून तांबडा. खोबरे करपू नये म्हणून कढईपाशी उभे राहावे लागते, पांढरा फाटू नये म्हणून ढवळत राहावे लागते. एवढे करून भाऊ पंगतीत बसतो आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढतो. तुमच्या दृष्टीने तो पथ्याचा डबा होता. त्यांच्या दृष्टीने तुम्ही त्यांच्या हातचे नाकारलेत, तेही चार पाहुण्यांसमोर. त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते.

यंदाच्या आषाढाची वाट न पाहता त्यांच्याकडे जा. फोनवर हे बोलण्यासारखे नाही. वडिलांच्या पायाच्या वेळी त्याही तुमच्याबरोबर दवाखान्यात असतील. तुम्ही कशाला घाबरला होता, ते त्यांना तुमच्या पत्नीपेक्षाही लवकर कळेल. मग यात्रेच्या जेवणाचे मागून घ्या. जेवताना आधी वाटीभर अळणी प्यावे, पांढरा एक वाटी आणि तांबडा एक वाटी, वर तरंगणारा कट बाजूला सारून. मटणाचे सुके पोटभर चालेल, भाकरी दीड, भात घासभर. आग्रह आला तर वाटीवर हात आडवा धरावा, "नको" असे म्हणून कोल्हापुरात आजवर कोणाची वाटी रिकामी राहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी काटा पाहायचा नाही हे वर लिहिलेच आहे.

आणि आक्कांना एवढे सांगून ठेवा, की पहिल्या पंगतीला तुम्ही बसणार नाही. रश्श्याचे पातेले आणि वगराळे तुमच्याकडे द्यावे, तुम्ही वाढाल, आणि शेवटच्या पंगतीला त्यांच्या शेजारी जेवायला बसाल. मुलीला भाकरीची बुट्टी घेऊन तुमच्यामागे फिरायला सांगा.